शाल, श्रीफळ आणि शंका

दहावी-बारावीचे निकाल लागले, की आमच्या देवस्थानांच्या सभामंडपांत एक ठरलेला सोहळा होतो. समाजातील गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार! नव्वद टक्क्यांच्या पलीकडे गेलेल्या मुलामुलींची नावे पुकारली जातात, शाल व श्रीफळ दिले जाते, अध्यक्षमहाशय ‘समाजाचे नाव उज्ज्वल करा’ असा आशीर्वाद देतात आणि अल्पोपाहार होऊन मंडळी घरोघर पांगतात. गोमंतकात हे होते, बेळगावात होते; इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे जी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, त्यांच्या मंडळांतही होते. मुलांनी कष्ट केले, वडीलधाऱ्यांनी पाठ थोपटली, यात गैर काहीच नाही. गैर वाटते ते एवढेच, की या सबंध सोहळ्यात त्या मुलांना कोणी एक प्रश्न विचारीत नाही आणि त्यांनाही कोणी एक प्रश्न विचारू देत नाही. नाव पुकारले, पुढे यावे, वाकून नमस्कार करावा, मान डोलवावी, जागेवर जाऊन बसावे. गुणवत्तेची आमची व्याख्या या चार क्रियांत संपते.

ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. आमच्या मते ती क्षुल्लक नाही. आज जी मुले नववी ते बारावीच्या बाकांवर बसली आहेत, त्यांच्या हयातीत सजीवांच्या घडणीचा लेखच बदलण्याची, किंबहुना नव्याने लिहिण्याची विद्या बाजारात, शेतात, दवाखान्यात आणि स्वयंपाकघरात येणार आहे. काही अंशी ती आलीच आहे. तिच्यातले काय घ्यावे आणि काय नाकारावे, हे ठरविण्याचे काम याच मुलांच्या पदरी पडणार आहे. आणि त्या कामासाठी आपण त्यांना काय शिकवून ठेवले आहे? मान डोलवायला! या दोषाचा वाटा शाळांचा आहे, शिकवणीवर्गांचा आहे, शासनाचाही आहे. पण देवळाच्या सभामंडपाचा वाटाही लहान नाही, आणि तोच सांगण्यासाठी आजची लेखणी उचलली आहे.

प्रथम ही विद्या कोणती, ते सांगितले पाहिजे. तिला ‘सिंथेटिक बायॉलॉजी’ म्हणतात. आपण संश्लेषी जीवशास्त्र म्हणू. प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याच्या घडणीचा लेख चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. त्यातील एकेका अर्थपूर्ण उताऱ्याला जनुक हे नाव आहे. एका जीवातील जनुक उचलून दुसऱ्यात घालणे ही आता जुनी विद्या झाली. नव्या शास्त्राचे म्हणणे असे, की दुसऱ्याचा लेख उतरवून घेण्यापेक्षा तो आपणच अक्षर-अक्षर जुळवून लिहावा. घर बांधण्यापूर्वी आराखडा करतात तसा आधी आराखडा करावा. आणि मग जीवाणूकडून किंवा यीस्टकडून हवा तो पदार्थ करवून घ्यावा. या विद्येच्या उगमाशी एक भारतीय नाव आहे. फाळणीपूर्व पंजाबातील रायपूर नावाच्या खेड्यात 1922 साली जन्मलेले आणि झाडाखाली भरणाऱ्या शाळेत पहिले धडे गिरविलेले हरगोविंद खुराना यांनी, 1968 साली नोबेल पारितोषिक मिळाल्यावर, 1970 साली प्रयोगशाळेत रसायने जोडून एक संपूर्ण जनुक तयार केल्याचे जाहीर केले. पुढे 40 वर्षांनी, म्हणजे 2010 साली, अमेरिकेत क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने एका जीवाणूचा सुमारे 10 लाख 80 हजार अक्षरांचा सगळा लेख रासायनिक रीतीने तयार केला आणि तो दुसऱ्या जातीच्या जीवाणूच्या पेशीत घातला. ती पेशी त्या लेखाबरहुकूम जगू व वाढू लागली. पेशीचे कवच उसने होते, हे मात्र विसरू नये. ‘मानवाने जीव निर्माण केला’ ही त्या वेळची आरोळी अर्धसत्यच होती.

याच संस्थेने 2016 साली दुसरी एक गोष्ट केली, आणि ती आम्हांला अधिक बोधप्रद वाटते. जगण्याला अत्यावश्यक तेवढीच जनुके ठेवून बाकीची काढून टाकीत टाकीत त्यांनी अवघ्या 473 जनुकांचा एक जीवाणू तयार केला. त्यांपैकी 149 जनुके नेमके काय काम करतात, हे त्या घडीला ती पेशी घडविणाऱ्यांनाही सांगता येईना. काढली की जीव मरतो, एवढे ठाऊक. का मरतो, ते ठाऊक नाही. ज्यांनी लेख स्वतः जुळविला, त्यांना त्यातील जवळजवळ तिसरा हिस्सा वाचता येत नव्हता, आणि तसे त्यांनी स्वतःच छापून प्रसिद्ध केले. वाचकहो, विज्ञानाचा खरा चेहरा पाहावयाचा तर तो या कबुलीत पाहावा.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे आहे, आपल्या देवघराशी त्याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध पुष्कळ आहे. मधुमेहाने आजारी असलेले आजोबा रोज जे इन्शुलिन टोचून घेतात, ते पूर्वी डुकरांच्या व गाईबैलांच्या स्वादुपिंडातून काढीत. शुद्ध शाकाहारी घरातील माणसाच्या नसांतूनही तेच वाहत असे. घरात त्याची चर्चा होत नसे, एवढेच. 1978 साली अमेरिकेतील संशोधकांनी मानवी इन्शुलिनची जनुके रसायनांतून जुळवून एका जीवाणूत घातली. 1982 साली त्या इन्शुलिनला तेथे परवानगी मिळाली, आणि हळूहळू जनावरांचे इन्शुलिन मागे पडले. चीज साकळविण्यासाठी कोवळ्या वासराच्या जठरातील जो पाचक रस लागत असे, तोच आता सूक्ष्मजीवांकडून करवून घेतात. अमेरिकेत त्याला 1990 साली मान्यता मिळाली. कावीळ ‘ब’ची भारतात तयार झालेली पहिली नव्या पद्धतीची लस 1997 साली हैदराबादेत निघाली, तीही यीस्टच्या पेशीतून. म्हणजे ज्या विद्येचे नाव ऐकून काही भाविकांच्या कपाळावर आठी चढते, त्याच विद्येने कित्येक जनावरांचे, आणि त्यांत वासरांचेही, प्राण वाचविले आहेत. ही माहिती आमच्या किती प्रवचनकारांच्या कानावर गेली आहे? आणि नव्वद टक्केवाल्या किती मुलांनी ती आपल्या आजोबांना सांगितली आहे?

सांगितली नसेल, तर तो मुलांचा करंटेपणा नव्हे. या विद्येकडे पाहण्याच्या तीनच वृत्ती आपण त्यांच्यासमोर ठेवल्या आहेत: शिडी, फुशारकी आणि भीती.

पहिली वृत्ती शिडीची. बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात जैवतंत्रज्ञानावर दोन प्रकरणे आहेत. इन्शुलिनची कथा तेथे आहे, बोंडअळीला दाद न देणाऱ्या कापसाची आहे. पण वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत 720 पैकी 360 गुण जीवशास्त्राचे, आणि 2024 साली त्या परीक्षेला नाव नोंदविणारे विद्यार्थी 24 लाखांच्या घरात! मग त्या दोन प्रकरणांचे काय होते, ते कोणत्याही शिकवणीवर्गाच्या दारात उभे राहून पाहावे. प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या एका जनुकवाहकाच्या नावातील आद्याक्षरे कोणत्या संशोधकांची, हे मुलगा झोपेत विचारले तरी सांगतो; कारण त्याला चार गुण आहेत, आणि चुकल्यास वजा एक. परंतु तो वाहक कशासाठी हवा, तो नसता तर काय अडले असते, असे विचारले की तो बावरतो. चार पर्यायांपैकी एका गोलात शाई भरणे, याला आपण जीवशास्त्र म्हणू लागलो आहोत. आणि अभियांत्रिकीकडे जाणारा जो मुलगा दहावीनंतर जीवशास्त्र सोडून देतो, त्याच्या तर ही प्रकरणे दृष्टीसही पडत नाहीत. उद्या संगणकावर जनुकांचे आराखडे काढणाऱ्यांत तोच असण्याचा संभव आहे.

यावर कोणी असे म्हणेल, की आमच्या मुलांना विज्ञानाची आवड आहेच की! आवड आहे, हे खरे. नॉर्वेतील ओस्लो विद्यापीठाच्या पुढाकाराने या शतकाच्या आरंभी ‘रोझ’ नावाची एक पाहणी झाली. सुमारे 40 देशांतील पंधरा वर्षांच्या आसपासच्या मुलामुलींना विज्ञानाविषयी त्यांची मते विचारण्यात आली. त्यांत गुजरात आणि मुंबई येथील मुलेही होती. निष्कर्ष मोठा विलक्षण निघाला. देश जितका गरीब वा विकसनशील, तितका तेथील मुलांचा विज्ञानाविषयीचा उत्साह अधिक. आणि नॉर्वे, जपान यांसारख्या संपन्न देशांतील मुले, विशेषतः मुली, वैज्ञानिक होण्याविषयी उदासीन. हे वाचून आपल्याकडे कोणाची छाती फुगेल. आमची फुगत नाही. ज्या घरात गरिबीतून वर येण्याचा एकच जिना आहे, तेथील मूल जिन्याची स्तुती करील, यात नवल ते काय? त्या उत्साहात विज्ञानावरील प्रेम किती आणि त्याने मिळणाऱ्या नोकरीवरील प्रेम किती, हे पारखून पाहिल्याशिवाय त्याला जिज्ञासा हे नाव देऊ नये. जिन्यावर प्रेम करणारा मनुष्य वर पोहोचला, की जिन्याकडे पाठ फिरवितो.

दुसरी वृत्ती फुशारकीची, आणि तिचे मूळ थेट आपल्या व्यासपीठांवर आहे. जानेवारी 2019 मध्ये जालंधर येथे भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये एका विद्यापीठाच्या कुलगुरूंनी असे प्रतिपादन केले, की शंभर कौरवांचा जन्म हा मूलपेशी आणि परीक्षानळी यांच्या विद्येचा पुरावा होय. देशभरच्या वैज्ञानिकांनी निषेध केला, आयोजकांनाही त्यापासून हात झटकावे लागले. परंतु वर्तमानपत्रांनी ज्याची दखल घेतली, तो हा एक प्रसंग. असलीच वाक्ये वर्षभर उत्सवांत, सत्कारांत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत टाळ्यांच्या गजरात उच्चारली जातात. त्यांचा निषेध कोण करतो?

आमचा आक्षेप महाभारताच्या गौरवाला नाही. आक्षेप आहे तो त्या गौरवाच्या स्वस्तपणाला. ‘हे सारे आपल्याकडे होतेच’ असे म्हणणारा मनुष्य महाभारताचा मान वाढवीत नाही. पाश्चात्त्यांच्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मिळाल्यावाचून आपला ग्रंथ थोर ठरत नाही, अशीच त्याची आतली भावना असते. आणि ऐकणाऱ्या मुलावर त्याचा परिणाम काय होतो? जे होतेच ते पुन्हा शोधावयाचे कशाला, असे त्याला वाटते. पूर्वजांनी सर्व शोधून ठेवले आहे, असे ज्याला सांगितले, त्याच्या हातून सूक्ष्मदर्शक आपण काढून घेतला.

पूर्वजांचा अभिमान कसा बाळगावा, याचा वस्तुपाठ हवा असेल, तर तो गोमंतकाच्याच एका सुपुत्राने घालून दिला आहे. जखमेवर हळद लावणे ही आपली आजी-पणजीची विद्या. 1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीच्या याच गुणाचे पेटंट देण्यात आले. माशेल येथे जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने सभा भरवून आरडाओरडा केला नाही. तिने 32 लेखी आधार गोळा केले. त्यांत प्राचीन ग्रंथ होते, आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात 1953 साली छापलेला एक निबंधही होता. ते आधार पेटंट कचेरीपुढे मांडून तिने दावा जिंकला आणि 1997 साली ते पेटंट रद्द झाले. हळदीला न्याय मिळाला तो ग्रंथ, पान व वर्ष दाखविल्यामुळे. ‘आमच्याकडे होतेच’ या वाक्याने काय मिळाले असते? टाळ्या, आणि पेटंट तसेच राहिले असते.

तिसरी वृत्ती भीतीची. ‘ही देवाच्या कामात ढवळाढवळ आहे’, असे एक वाक्य आपल्या मंडळींच्या तोंडी सहज येते. या वाक्याची आम्ही टर उडविणार नाही, कारण त्यात एक सच्ची काळजी आहे. पण ते वाक्य जसेच्या तसे टिकत नाही. नैवेद्याच्या ताटातील हापूस आंबा घ्या. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात कलमांची विद्या रुजली, तिचे ते फळ. कोय पुरून त्याच गुणांचा हापूस मिळेल, याची हमी नाही, माणसाला एका झाडाची फांदी दुसऱ्यावर बांधावीच लागते. पंचामृतातील दही घ्या. विरजण लावणारी गृहिणी निवडक जीवाणूंचे कुटुंब एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वर्षानुवर्षे सांभाळीत आली आहे. माणसाचा हात जेथे लागला नाही, असे अन्न आपल्या ताटात फार थोडे. म्हणून हात लावावा की नाही, हा प्रश्नच नव्हे. कोणता हात, कशासाठी आणि किती जपून, हा प्रश्न आहे. आणि तो प्रश्न भीतीने सुटत नाही, माहितीने सुटतो.

माहितीतून आलेली भीती ही निराळी, आणि ती वैज्ञानिकांना कधीच परकी नव्हती. जनुके जोडण्याची विद्या हाती येताच, 1974 साली तिच्या प्रवर्तकांनी स्वतः होऊन काही प्रयोग थांबविले, आणि 1975 साली कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे एकत्र बसून नियम ठरविले. 2018 साली चीनमध्ये हे च्यान्-खुई नावाच्या संशोधकाने मानवी गर्भाची जनुके बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्याचे जाहीर केले, तेव्हा जगभरच्या व त्याच्या देशातल्याही वैज्ञानिकांनी त्याला दोष दिला आणि न्यायालयाने 2019 साली तीन वर्षांची शिक्षा ठोठावली. डिसेंबर 2024 मध्ये 38 वैज्ञानिकांनी मिळून असा इशारा दिला, की आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलट्या घडणीच्या रेणूंचे जीवाणू तयार करण्याच्या मागे कोणी लागू नये. कारण माणसांची, पशूंची व वनस्पतींची रोगप्रतिकारशक्ती त्यांना ओळखू शकणार नाही. त्यांपैकी काही जण पूर्वी याच दिशेने काम करीत होते. ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार त्यांना त्या कामाने मिळाला. ज्याला काम ठाऊक नाही, त्याचे ‘थांबा’ कोण ऐकणार?

आपल्या शेजारचेच एक उदाहरण पाहा. जनुके बदललेल्या बीटी वांग्याला परवानगी द्यावी की नाही, यावर देशात मोठा वाद झाला. अनेक शहरांत जाहीर सभा घेऊन 9 फेब्रुवारी 2010 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. उडुपीच्या परिसरात या वांग्याला विरोध झाला, तो मट्टू गावच्या वांग्यासाठी. कारण परंपरेने ते वांगे वादिराजस्वामींच्या प्रसादाचे आणि श्रीकृष्णाच्या नैवेद्याचे. त्या विरोधात श्रद्धा होती. पण जुन्या वाणाचे बी शुद्ध राहील काय, बियाण्याचा मालक कोण, शेतकऱ्याच्या हाती काय उरेल, हे प्रश्नही होते. कोणी विरोधी असो वा अनुकूल, हे प्रश्न खरे आहेत हे त्याला मान्य करावे लागेल. देवळाशी जोडलेल्या समाजाला असे प्रश्न विचारता येतात, हे येथे दिसले. मग आपल्या दहावीच्या मुलाला ते विचारावयाला कोणी शिकवावयाचे?

शासनाने तर या बाबतीत उलटेच केले. राष्ट्रीय परिषदेच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग 2023 साली वगळण्यात आला. ओझे कमी करण्याचे कारण देण्यात आले. 1800 हून अधिक वैज्ञानिकांनी व शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रक काढले. तो भाग बारावीत आहे, असे उत्तर मिळाले. पण बारावीचे जीवशास्त्र घेणारे किती? घडविलेला जीवाणू प्रयोगशाळेबाहेर निसटला, तर तो आराखड्यात होता तसाच राहील, की पिढी-पिढीला बदलत जाईल, हे उत्क्रांती न शिकलेल्या नागरिकाने कसे ताडावे? ओझे म्हणून जे फेकले, तेच नेमके उद्याचे हत्यार होते. राज्यघटनेच्या 51-क कलमाने 1976 पासून विज्ञाननिष्ठ दृष्टी व जिज्ञासा वाढविणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. नागरिकाने कर्तव्य करावे आणि त्याची साधने शासनाने काढून घ्यावीत, हा कोठला न्याय?

आता एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे, कारण तो आमच्या वाचकांच्या मनात केव्हाच उभा राहिला असेल. मुलांना शंका काढावयास शिकविले, तर उद्या ती देवावरच शंका घेतील. मग देऊळ कोणी सांभाळावयाचे? हा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला उत्तर म्हणून आम्ही प्रश्नोपनिषदाकडे बोट दाखवितो. त्या उपनिषदाचे नावच प्रश्नावरून पडले आहे. सहा जिज्ञासू समिधा हाती घेऊन पिप्पलाद ऋषींकडे जातात. ऋषी त्यांना वर्षभर तपाने व श्रद्धेने राहावयास सांगतात आणि मग खुशाल विचारा, आम्हांला ठाऊक असेल तर सारे सांगू, असे आश्वासन देतात. ‘ठाऊक असेल तर’, हे शब्द आचार्याच्या तोंडी आहेत! आणि त्याच उपनिषदात सुकेशा भारद्वाज सांगतो, की एका राजपुत्राने आपल्याला एक प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर ठाऊक नव्हते, म्हणून आपण तसे स्पष्ट सांगितले, कारण असत्य बोलणारा मुळासकट सुकून जातो. त्या 149 जनुकांविषयी ‘ठाऊक नाही’ असे छापणारा संशोधक आणि हा सुकेशा, या दोघांत आम्हांला सोयरीक दिसते. पूर्वपक्ष मांडल्यावाचून सिद्धान्त सांगावयाचा नाही, ही आपल्या भाष्यकारांची शिस्त. आपल्याच गोव्याच्या व कोकणच्या देवळांत देवासमोर प्रसाद लावून कौल विचारणारा भक्त, देवालाही प्रश्न विचारावयास भीत नाही. देवाला विचारलेले चालते. मग गुरुजींना, अध्यक्षांना आणि औषध कंपनीला विचारलेले का चालू नये? जी श्रद्धा एका पोराच्या प्रश्नाने कोसळते, तिला श्रद्धा म्हणणे हाच श्रद्धेचा अपमान होय.

केवळ दोष दाखवून थांबणे सोपे असते. म्हणून देवस्थानांच्या समित्यांना व समाजाच्या मंडळांना आमच्या काही रोकड्या सूचना आहेत.

पहिली, सत्काराची रीत बदलावी. गुणांचा सत्कार हवा तर चालू द्या. परंतु त्याच व्यासपीठावर तेवढ्याच मानाचे एक पारितोषिक वर्षभर जोपासलेल्या प्रश्नाला द्यावे. देवळाच्या तळीचे पाणी अमुक महिन्यात हिरवे का होते, हे ज्या मुलीने महिन्या-महिन्याला पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहून टिपून ठेवले. एकाच दुधाला दोन घरची विरजणे लावली तर दही निराळे का लागते, हे ज्या मुलाने वहीत मांडले. त्यांना शाल पांघरावी. उत्तर चुकले तरी पांघरावी. ज्वालामुखीची तीच ती सोडा-व्हिनेगरची प्रतिकृती मात्र आता पुरे झाली. आणि एक चांगला सूक्ष्मदर्शक उत्सवातील एका दिवसाच्या रोषणाईच्या खर्चात येत असेल, तर तो हिशेब समितीने करून पाहावा.

दुसरी, व्यासपीठावरून प्राचीन विज्ञानाविषयी जो कोणी दावा करील, त्याने ग्रंथ, अध्याय व श्लोकाचा क्रमांक सांगावा. माशेलकरांनी परक्यांच्या कचेरीत जे केले, ते आपल्या मंडपात करावयास वक्त्याला लाज वाटण्याचे कारण नाही.

तिसरी, आपल्या व्याख्यानमालांत वर्षातून एक तरी व्याख्यान जीवशास्त्राच्या संशोधकाचे असावे, आणि अर्धा वेळ विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना राखावा. दोनापावला येथे 1966 साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. हैदराबादेत पेशी व रेणू यांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे. हे व्याख्यान मराठीत वा कोकणीत व्हावे. इंग्रजीतून पाठ केलेला विषय मुलाने आपल्या आजीला आपल्या भाषेत सांगितला, की त्याला तो खरोखर कळला आहे की नाही, हे आजीच्या आधी त्यालाच समजते. पुण्यातून 1928 साली ‘सृष्टिज्ञान’ मासिक काढणाऱ्यांनी आणि 1966 साली मराठी विज्ञान परिषद स्थापणाऱ्यांनी ही गोष्ट ओळखली होती. ‘जनुक’ हा सुटसुटीत शब्द आपल्याजवळ आहे. तो परीक्षेच्या कागदावरून घरच्या ओसरीवर यावयास हवा.

चौथी सूचना पालकांना आहे. घडविलेल्या जीवाविषयीची कोणतीही बातमी आली, की मुलाबरोबर बसून चार प्रश्न विचारावेत. नेमके काय घडविले? कोणाच्या उपयोगासाठी? हातून निसटले तर आवर कोण व कसा घालणार? आणि त्याचा मालक कोण? शेवटचा प्रश्न विसरू नये. हिवतापावरचे आर्टेमिसिनिन हे औषध एका वनस्पतीपासून मिळते. यीस्टमध्ये जनुके घालून त्याचा मूळ घटक करविण्याची युक्ती निघाली आणि 2013 साली एका फ्रेंच कंपनीने मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. विद्या अस्सल होती, हेतू चांगला होता. तरीही शेतातल्या वनस्पतीपासून निघणाऱ्या औषधाच्या किमतीपुढे तिचा बाजारात टिकाव लागणे जड गेले. आणि लागला असता, तर ती वनस्पती लावणाऱ्या गरीब शेतकऱ्यांचे काय झाले असते, हाही प्रश्न होताच. केंद्र सरकारने ऑगस्ट 2024 मध्ये ‘बायो-ई-थ्री’ नावाचे धोरण मंजूर करून जीवाणूंकडून माल तयार करविणाऱ्या उद्योगांना चालना देण्याचे ठरविले आहे. तेव्हा असे प्रश्न आता कोकणातल्या, कर्नाटकातल्या, माळव्यातल्या शेताच्या बांधावर येणार आहेत. त्यांची उत्तरे चार पर्यायांत छापलेली नसतील.

हे केल्याने गुण कमी होतील, अशी भीती ज्यांना वाटते, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. ज्या मुलाला एक गोष्ट मुळापासून समजली, त्याला ती पाठ करावी लागत नाही. आणि जे केवळ पाठ केले, ते परीक्षा संपताच विसरले जाते. विसरलेल्या ज्ञानासाठी पांघरलेली शाल, ती कितीही जरीची असली तरी, ऊब देत नाही.

आजवर आपल्या समाजाने देवळे बांधली, सांभाळली, परक्यांच्या राजवटीत मूर्ती खांद्यावर घेऊन नदीपार नेल्या आणि पुन्हा स्थापिल्या. मान डोलावणाऱ्यांच्या हातून ही कामे होत नसतात. कोठे जावयाचे, काय वाचवावयाचे, काय सोडून द्यावयाचे, हे त्या पूर्वजांना अपुऱ्या माहितीत आणि थोड्या वेळात स्वतः ठरवावे लागले. आपल्या मुलांनाही पुढे असेच ठरवावे लागणार आहे; त्या वेळी त्यांच्यासमोर शत्रूचे सैन्य नसेल, एका इवल्याशा नळीतील गढूळ द्रव असेल, आणि तो रोग बरा करील की नवा रोग देईल, हे त्याकडे नुसते पाहून कळणार नाही. त्या क्षणी त्यांनी कोणाच्या तोंडाकडे पाहावे, असे आपणांस वाटते? आपल्या तोंडाकडे पाहून भागणार नाही, कारण आपल्याला त्यातले काही कळत नाही. तेव्हा त्यांनी स्वतः विचारावे, स्वतः तपासावे आणि ठाऊक नसेल तर तसे निर्भयपणे म्हणावे, एवढी मोकळीक तरी आजच त्यांना द्या.